तीन तासांचा बिझनेस क्लास
सांगली-साताऱ्याहून आखाती देशांत जाणाऱ्या प्रवाशांसाठी एक हिशेब

(प्रतिनिधी)

सांगलीहून दुबईला निघालेल्या प्रवाशाला मुंबईच्या विमानतळावर मोटारीने पोहोचण्यास सात ते आठ तास लागतात. विमानतळावर उड्डाणापूर्वी तीन तास हजर राहावे लागते. त्यानंतरचे प्रत्यक्ष उड्डाण साधारण सव्वातीन तासांचे असते. साताऱ्याच्या प्रवाशाचे दोन-अडीच तास वाचतात, इतकाच फरक. या साऱ्या प्रवासातील सर्वांत लहान टप्पा विमानाचा आहे आणि सर्वांत जास्त पैसे मागणारा टप्पाही तोच आहे.

मुलगा दुबईत किंवा मस्कतमध्ये स्थिरावलेला असतो. आई-वडिलांना पहिल्यांदाच तिकडे न्यायचे ठरते आणि घरात विषय निघतो, 'आईचे गुडघे दुखतात, तिला बिझनेस क्लासने आणू या का?' हळद, बेदाणा आणि द्राक्षांचे व्यापारी दुबईच्या 'गल्फूड' प्रदर्शनाला जातात, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. देशभर पसरलेल्या खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिकांपैकी जे परदेशी जातात, तेही याला अपवाद नाहीत. तिकिटाचा दर दुप्पट, तिप्पट आणि कधी कधी चौपटही असतो. या जादा पैशांत नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, याची ही माहिती.

हा वर्ग आला कोठून?

विमानप्रवासाच्या आरंभीच्या काळात बिझनेस क्लास नव्हता. प्रथम वर्ग आणि पर्यटक अथवा इकॉनॉमी वर्ग असे दोनच भेद होते. १९७० च्या दशकात सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला. कामानिमित्त ऐनवेळी पूर्ण दराचे तिकीट काढणारा अधिकारी आणि महिनोन्‌महिने आधी निम्म्या दरात तिकीट काढणारा पर्यटक शेजारीशेजारी बसू लागले. पूर्ण पैसे मोजणारे कुरकुरू लागले. या ग्राहकांना टिकवून ठेवण्यासाठी पॅन अमेरिकन आणि ब्रिटिश एअरवेज या कंपन्यांनी १९७८ साली त्यांची वेगळी सोय केली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने 'बिझनेस क्लास' हे नाव वापरले. सुरुवातीला वेगळी जागा, थोडी शांतता आणि बरे जेवण एवढेच त्याचे स्वरूप होते. पूर्ण आडवे होणारे आसन ब्रिटिश एअरवेजने या वर्गात आणले ते २००० साली.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की या वर्गाची कल्पनाच मुळी कार्यालयाच्या खर्चाने जाणाऱ्या प्रवाशासाठी झाली. वेळेवर पोहोचणे, ऐनवेळी तारीख बदलता येणे आणि उतरल्याबरोबर कामाला लागता येणे ही त्याची गरज होती. स्वतःच्या खिशातून पैसे मोजणाऱ्या कुटुंबाची गरज निराळी असू शकते.

आखातात जाणाऱ्या मराठी प्रवाशाला दोन्ही टोकांच्या सेवा फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत. एमिरेट्सची पहिली उड्डाणे ऑक्टोबर १९८५ मध्ये झाली, तेव्हा कराचीपाठोपाठ मुंबई व दिल्ली ही तिची सुरुवातीची ठिकाणे होती. त्यानंतर वीस वर्षांनी, एप्रिल २००५ मध्ये, एअर इंडिया एक्स्प्रेसने नेमका याच आखाती प्रवाशासाठी स्वस्त दराची सेवा सुरू केली. जेट एअरवेजचा बिझनेस क्लासही या मार्गांवर लोकप्रिय होता. १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीची उड्डाणे थांबली.

नाव एकच, आसने तीन प्रकारची

'बिझनेस क्लास' हे नाव सर्वत्र सारखे असले, तरी लहान पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय विमानांत त्याचे किमान तीन प्रकार आढळतात. तिकीट काढताना सर्वाधिक फसगत येथेच होते.

पहिला प्रकार मोठ्या विमानांचा. बोइंग ७७७ किंवा एअरबस ए-३८० सारख्या, दोन मार्गिका असलेल्या विमानांत आसन पलंगासारखे आडवे होते किंवा जवळपास आडवे होते. आखाती कंपन्या अशी विमाने मुंबईच्या मार्गावर वापरतात, कारण हीच विमाने पुढे युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या प्रवाशांना दुबई-दोह्यापर्यंत नेतात. एमिरेट्सने २०१४ च्या जुलै महिन्यात मुंबईसाठी ए-३८० हे दुमजली विमान सुरू केले होते. तीन तासांच्या मार्गावर लांब पल्ल्याचे आसन मिळणे, हा या प्रकाराचा फायदा होय.

दुसरा प्रकार एकच मार्गिका असलेल्या लहान विमानांचा. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये पुढे दोन-तीन रांगा रुंद खुर्च्यांच्या असतात. खुर्ची मागे रेलते, पाय ठेवण्यास आधार मिळतो. परंतु तिचा पलंग होत नाही. एअर इंडियाच्या नूतनीकरण झालेल्या ए-३२० निओ विमानांत बिझनेसची ८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ व इकॉनॉमीची १३२ आसने आहेत. पुढच्या-मागच्या दोन आसनांमधील अंतर इकॉनॉमीत साधारण २८ ते ३१ इंच, तर या प्रकारच्या बिझनेसमध्ये ३८ ते ४० इंच असते. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाने अशाच बारा आसनांची सोय सुरू केली आणि नंतर काही परदेशी मार्गांवरही ती नेली.

तिसरा प्रकार युरोपातील. तेथील बहुतेक मोठ्या कंपन्या युरोपांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमीचीच आसने वापरतात आणि तीनपैकी मधले आसन रिकामे ठेवतात. पुढे पडदा, बरे जेवण आणि विमानतळावरील सोयी हेच त्याचे वेगळेपण. भारतातून फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला पलंगावर झोपून गेलेल्या प्रवाशाला तेथून पुढच्या दोन तासांच्या उड्डाणात हे आसन मिळते, तेव्हा आपल्याला चुकीच्या जागी बसवले की काय, अशी शंका येते. ती चूक नसते. तेथील रीतच तशी आहे.

म्हणून तिकिटावरील वर्गाच्या नावाआधी विमानाचा प्रकार पाहावा. कंपनीच्या संकेतस्थळावर उड्डाण क्रमांकासोबत तो दिलेला असतो. मात्र कंपनीला ऐनवेळी विमान बदलण्याचा अधिकार असतो, हेही ध्यानात ठेवावे.

जमिनीवरचे फायदे

लहान पल्ल्याच्या बिझनेस क्लासची निम्म्याहून अधिक किंमत विमानात बसण्यापूर्वीच वसूल होते किंवा वाया जाते. वेगळ्या खिडकीवर सामान देता येते. मुंबईच्या टर्मिनल दोनवर सुट्टीच्या हंगामात मध्यरात्रीनंतर आखाती उड्डाणांची गर्दी उसळते, तेव्हा या एका सोयीने बराच वेळ वाचू शकतो. पुढे लाउंजमध्ये जेवण, चहा-कॉफी, निवांत बसण्याची जागा आणि स्वच्छ प्रसाधनगृह मिळते. विमानात आधी प्रवेश आणि उतरल्यावर सामान आधी, हे ओघाने आलेच.

सामानाची मर्यादा हा आणखी एक फायदा. मुलाबाळांसाठी चटण्या, लोणची, भडंग आणि दिवाळीचा फराळ घेऊन निघणाऱ्या कुटुंबासाठी तो लहान नाही. एमिरेट्ससारख्या, वजनावर मर्यादा ठरविणाऱ्या कंपनीत बिझनेस क्लासला ४० किलो सामान नेता येते, तर इकॉनॉमीत तिकिटाच्या प्रकारानुसार हा आकडा बराच खाली येतो. तथापि एका बॅगेचे वजन ३२ किलोंपेक्षा जास्त चालत नाही. नुसते जादा सामान न्यायचे असेल, तर इकॉनॉमीच्या तिकिटावर आगाऊ पैसे भरून वजन वाढविणे बहुधा स्वस्त पडते.

येथेही एक मेख आहे. सर्व बिझनेस तिकिटांवर सर्व सोयी मिळतात, असे नाही. एमिरेट्सने २०१९ साली कमी दराचे 'स्पेशल' बिझनेस तिकीट आणले, त्यात आसन व जेवण तेच. परंतु लाउंज आणि घरापासून मोटारीची सोय वगळण्यात आली. इतर काही कंपन्यांनीही अशी 'उणे' तिकिटे काढली आहेत. स्वस्तात मिळालेले बिझनेस तिकीट हाती पडले, की आधी हे तपासावे.

जे पैशांनी बदलत नाही

काही गोष्टी कोणत्याही वर्गात सारख्याच राहतात. इमिग्रेशनचा शिक्का सरकारचा असतो, कंपनीचा नव्हे. तेथील रांग टाळण्यासाठी केंद्र सरकारची वेगळी योजना आहे. नोंदणीकृत प्रवाशांसाठी स्वयंचलित दरवाज्यांतून जलद इमिग्रेशनची ही सोय जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. भारतीय नागरिकांसाठी ती विनामूल्य आहे. ऑनलाइन अर्ज व बोटांचे ठसे एकदा दिले, की इकॉनॉमीच्या प्रवाशालाही तिचा लाभ घेता येतो. वर्षातून दोन-तीन वेळा ये-जा करणाऱ्यांनी ही नोंदणी अवश्य करावी.

सीमाशुल्काचे नियमही वर्ग पाहत नाहीत. परत येताना आणलेल्या सोन्याचा किंवा वस्तूंचा हिशेब सर्वांना सारखाच द्यावा लागतो. सामान हरवल्यास मिळणाऱ्या भरपाईची माँट्रियल करारातील कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली आहे. भारत या करारात २००९ साली सामील झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून कराराची ही मर्यादा १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनातील एककांत, आहे. पुढच्या रांगेतल्यालाही तीच आणि शेवटच्या रांगेतल्यालाही तीच.

हवेचेही तसेच. आकाशात विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट सुमारे ४,७०० फुटांवर आहे. म्हणजे विमानातील हवा महाबळेश्वरपेक्षाही विरळ असते आणि ती सर्व वर्गांत एकच असते. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी रुंद आसनाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावे.

तीन तासांत झोप किती?

मुंबईहून दुबईचे अंतर हवाई मार्गाने सुमारे १,९३० किलोमीटर आहे. मस्कत त्याहून जवळ, सुमारे १,५६० किलोमीटर. यांतील अनेक उड्डाणे पहाटेची असतात. समजा, विमान पहाटे साडेचारला सुटले. पहिला अर्धा तास उंची गाठण्यात जातो. त्या वेळी आसन सरळ ठेवावे लागते. मग जेवण किंवा न्याहारी येते. शेवटचा अर्धा-पाऊण तास पुन्हा आसन सरळ, पट्टा बांधलेला. जेवण घेतले तर आडवे होण्यासाठी हाती दीड तास उरतो. जेवण नाकारले तर दोन-सव्वादोन तास. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने तेथे उतरताना सकाळचे सव्वासहा वाजलेले असतात आणि प्रवाशाची रात्र कोणत्याही वर्गात अर्धवटच झालेली असते.

सकाळी दहाला व्यापारी बैठक असेल, तर त्या दीड तासाचेही मोल आहे. मुलाच्या घरी जाऊन झोपायचे असेल, तर ते फारसे नाही.

खरी अडचण रस्त्याची

सांगली किंवा मिरजेहून निघालेली मोटार आष्टामार्गे पेठनाक्याला महामार्गावर येते. कराड, सातारा, खंबाटकी, पुण्याचा वळणरस्ता, मग ९४ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आणि शेवटी मुंबईतील वाहतूक, असे सुमारे पावणेचारशे किलोमीटर होतात. साताऱ्याहून हेच अंतर अडीचशेच्या आसपास आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पातील निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. चार तास किंवा त्याहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे त्यांत म्हटले आहे. निरोगी माणसात हा धोका अल्प, सहा हजारांत एक इतकाच आहे. वयस्कर, लठ्ठ किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांत तो वाढतो. महत्त्वाचे म्हणजे हा निष्कर्ष केवळ विमानापुरता नाही. मोटार, बस व रेल्वेलाही तो लागू आहे. दुबईचे उड्डाण चार तासांच्या आतले आहे. सांगली-मुंबई मोटारप्रवास त्याच्या दुप्पट आहे. म्हणजे आईच्या पायांची काळजी करायची, तर ती आधी रस्त्यावर करायला हवी. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून तिला चार पावले चालविणे हे विमानातील रुंद खुर्चीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

आडवे होऊनच जायचे, तर त्यासाठी विमानाची वाट पाहण्याची गरज नाही. कोल्हापूरहून सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरज, सांगली, कराड, साताऱ्याच्या प्रवाशांना रात्रीतून मुंबईला नेते. तिच्या वातानुकूलित शयनयानातील बर्थ पूर्ण आडवा असतो आणि त्यावर रात्रभर झोपता येते. सकाळी मुंबईत उतरावे, दिवसभर विश्रांती घ्यावी आणि रात्री ताजेतवाने होऊन विमानतळ गाठावा. गिरणगावापासून नवी मुंबईच्या बाजार समितीपर्यंत सातारा-सांगलीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. बहुतेकांचे कोणी ना कोणी तेथे असते. नसल्यास विमानतळाजवळच्या हॉटेलातील एका दिवसाचा खर्च बिझनेस क्लासच्या जादा दराच्या तुलनेत किरकोळ ठरतो.

जवळचा विमानतळ कोणता?

विमानांचे या भागाला वावडे नव्हते. कोयना धरणाच्या कामासाठी कराडला १९५५ मध्ये धावपट्टी झाली. सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे आणि तेथे विमानतळ व्हावा, ही मागणी वर्षानुवर्षे होत आहे. प्रत्यक्ष प्रवासी सेवेसाठी मात्र सांगलीकरांना सुमारे पन्नास किलोमीटरवरील कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर जावे लागते. कोल्हापूर-मुंबई उड्डाण तासाभराचे आहे आणि त्याने रस्त्याचे सात तास वाचतात. परंतु हे तिकीट व दुबईचे तिकीट स्वतंत्र असेल, तर पहिले विमान रद्द झाल्यास किंवा उशिरा पोहोचल्यास दुसऱ्या कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. मुंबईत सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. दोहोंमध्ये किमान सहा-सात तासांचे अंतर ठेवावे. पावसाळ्यात तर एक दिवस आधीच जावे.

पुण्याचा लोहगाव विमानतळ साताऱ्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. हा तळ हवाई दलाचा. तेथील नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. धावपट्टी मात्र जुनीच आणि मोठ्या विमानांना तोकडी. त्यामुळे पुण्याहून परदेशी जाणारी विमाने सहसा एका मार्गिकेची असतात आणि त्यांतली बरीचशी स्वस्त दराच्या कंपन्यांची, बिझनेस क्लास नसलेली. असे असूनही बिझनेस क्लासचा एक अनोखा प्रयोग पुण्यानेच पाहिला. लुफ्तान्साने जुलै २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट मार्गावर केवळ बिझनेस क्लासची, पन्नासहून कमी आसने असलेली सेवा सुरू केली. पुण्याच्या वाहन व अभियांत्रिकी उद्योगातील जर्मन कंपन्यांचे अधिकारी हा तिचा आधार होता. पुढे त्यात इकॉनॉमीची आसने आली आणि अखेर ती सेवा बंद झाली. विस्ताराने २ डिसेंबर २०२२ रोजी पुणे-सिंगापूर उड्डाण सुरू केले होते. ती कंपनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. पुण्याहून परदेशी मार्ग सुरू होतात आणि बंदही होतात, हे लक्षात घेऊन बेत आखण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथे देशांतर्गत उड्डाणांनी वाहतूक सुरू झाली. सातारा-सांगलीहून येणाऱ्याला वाशीची खाडी ओलांडून मुंबईच्या गर्दीत शिरण्याची गरज तेथे उरत नाही. आखाती उड्डाणे तेथून सुरू झाली, की या दोन जिल्ह्यांच्या प्रवाशाला मिळणारा दिलासा कोणत्याही आसनापेक्षा मोठा असेल.

भाडे आणि कर

इकॉनॉमी तिकिटावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. इतर सर्व वर्गांवर तो १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. उदाहरणादाखल, इकॉनॉमीचे मूळ भाडे १२,००० रुपये व बिझनेसचे ४५,००० रुपये धरू. इकॉनॉमीवर कर ६०० रुपये, बिझनेसवर ८,१०० रुपये. एकूण १२,६०० विरुद्ध ५३,१००. फरक ४०,५०० रुपयांचा. तीन तासांच्या उड्डाणाला भागले, तर तासाला साडेतेरा हजार रुपये पडतात. प्रत्यक्ष दर हंगामानुसार बदलतील आणि त्यात विमानतळाची शुल्केही मिळतील. हिशेबाची रीत हीच.

व्यवसायासाठी जाणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला या कराची वजावट मिळू शकते. त्यासाठी तिकीट काढतानाच जीएसटी क्रमांक नोंदवावा लागतो व बीजक जपून ठेवावे लागते. करसल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. कौटुंबिक प्रवासात मात्र हा भार पूर्णपणे खिशावर पडतो.

अनेक कंपन्या उड्डाणाच्या काही दिवस आधी इकॉनॉमीच्या प्रवाशांना बोली लावून वरचा वर्ग घेण्याची संधी देतात. रिकामी आसने उरली, तर मूळ फरकाच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत काम होते. अशा बढतीत जादा सामान व लाउंज मिळतेच असे नाही, म्हणून अटी आधी वाचाव्यात.

पैसे भरूनही आसन मिळाले नाही तर?

विमान बदलले, आसन नादुरुस्त निघाले किंवा जादा तिकिटे विकली गेली, तर बिझनेसच्या प्रवाशाला इकॉनॉमीत बसविले जाण्याची वेळ येते. यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू केला. आंतरराष्ट्रीय उड्डाण १,५०० किलोमीटरपर्यंत असेल तर करांसह तिकिटाच्या ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटरदरम्यान ५० टक्के आणि त्याहून लांब असेल तर ७५ टक्के रक्कम परत मिळते. देशांतर्गत प्रवासात हे प्रमाण ७५ टक्के आहे. मुंबईहून दुबई, मस्कत, दोहा ही सर्व ठिकाणे ५० टक्क्यांच्या गटात येतात. काउंटरवर मिळणाऱ्या भोजनाच्या कुपनावर समाधान मानू नये. जुना व नवा बोर्डिंग पास जपावा आणि लेखी तक्रार करावी.

ज्येष्ठांसाठी चाकाची खुर्ची

वयस्कर आई-वडिलांसाठी बिझनेस क्लास घेणाऱ्या अनेकांना खरे तर चालण्याचा त्रास टाळायचा असतो. चालण्यास असमर्थ प्रवाशाला विमानतळाच्या दारापासून आसनापर्यंत व उतरल्यावर बाहेरपर्यंत मदत देण्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे. तिचा वर्गाशी संबंध नाही. तिकीट काढताना किंवा उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी आणि तिची नोंद तिकिटावर आल्याची खात्री करावी. सोबतचा मदतनीस इमिग्रेशनमधूनही नेतो. इंग्रजी न येणाऱ्या, एकट्या प्रवास करणाऱ्या आईला पुढच्या रांगेतील आसनापेक्षा या माणसाचा आधार मोठा वाटतो. त्याच्या जोडीला इकॉनॉमीत थोडे जादा पैसे भरून मार्गिकेलगतचे, पाय पसरता येईल असे आसन घेतले, की गुडघ्यांचा प्रश्न बराचसा सुटतो.

मग कोणी घ्यावा?

उतरल्याबरोबर काम असलेल्या, कराची वजावट मिळणाऱ्या आणि तारीख बदलण्याची शक्यता असलेल्या व्यापाऱ्याला बिझनेस क्लास परवडतो. दुबई किंवा दोह्याहून पुढे लंडन, न्यूयॉर्कला जाणाऱ्यालाही त्याचा विचार करता येईल, कारण तेथे झोपेचे तास मोजण्याइतके असतात. पाठीच्या किंवा कमरेच्या आजारामुळे ताठ बसणे ज्यांना अशक्य आहे, त्यांच्यासाठी तो चैनीचा भाग राहत नाही. मात्र त्यांनी पहिल्या प्रकारचे, आडवे होणारे आसन असलेलेच विमान निवडावे. हौस म्हणून आयुष्यात एकदा अनुभव घ्यायचा असेल, तर तोही आक्षेपार्ह नाही. तसे असेल तर दिवसाचे उड्डाण निवडावे, म्हणजे निदान जेवणाचा व खिडकीबाहेरच्या समुद्राचा आनंद जागेपणी घेता येईल.

इतरांनी तिकीट काढण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात:

- विमान कोणत्या प्रकारचे आहे आणि आसन आडवे होते की नुसते रेलते.
- तिकिटात लाउंज, सामान व तारीखबदल अंतर्भूत आहे की नाही.
- करासह एकूण फरक किती आणि तासाला तो किती पडतो.
- चाकाची खुर्ची, मार्गिकेलगतचे आसन व जलद इमिग्रेशन यांनी आपले काम भागते का.
- घर ते विमानतळ हा टप्पा कसा आणि किती विश्रांतीसह पार करणार.

शेवटचा प्रश्न सांगली-सातारकरांनी सर्वांत आधी विचारावा. चाळीस हजारांच्या फरकातला एक हिस्सा महालक्ष्मीच्या शयनयानावर, एक मुंबईतील दिवसभराच्या विश्रांतीवर आणि एक मार्गिकेलगतच्या आसनावर खर्च केला, तर आई दुबईच्या विमानतळाबाहेर येईल तेव्हा थकलेली नसेल. आणि उरलेल्या पैशांत तिच्या परतीच्या तिकिटाची सोयही झालेली असेल.